पहिली नरम, मागून ठोस

दिवाकर,

मंडळाच्या अंकाला तुझ्यावर दोन पानं हवी होती. ती मी देऊन टाकली. त्यांत तू मनमिळाऊ आहेस, कर्तव्यदक्ष आहेस आणि सदैव हसतमुखही आहेस. छापण्याआधी एकदा वाचून पाहिली, तर मलाच तुझी ओळख पटेना. हे दुसरं लिखाण आहे. हे अंकाला जाणार नाही आणि शालूवहिनींच्या हाती तर पडताच कामा नये. तू वाचायला नाहीस. म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं आहे की मी तुझ्यावर जळायचो. थोडंथोडकं नाही, भिलाईच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लागून राहायला आलो तेव्हापासून. तू भंडाऱ्याकडचा, मी गोंदियाकडचा, दोघांचेही बाप धानाच्या बांधीत राबलेले. मी प्लांटच्या लॅबमध्ये पोलादाचे तुकडे घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो आणि तू ब्लास्ट फर्नेसवर घाम गाळायचास. पगारात फार फरक नव्हता. तरी कॉलनीत कुणाचं लग्न असो की बारसं, लोक आधी तुला शोधायचे. मला बोलावायचे ते पत्रिकेतलं शुद्धलेखन तपासायला.

आठवतं ना, टाउनशिपच्या वाचनालयात खालच्या कप्प्यात शिकारीची जुनी इंग्रजी पुस्तकं होती. त्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. तुला इंग्रजी झेपत नव्हतं. मी अंगणात खाट टाकून वाचायचो आणि तुला मराठीत सांगायचो. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तीच गोष्ट तू अशी रंगवायचास की वाघ टेबलाखालीच बसलाय असं वाटून माणसं पाय वर घेत. पुस्तक मी आणलेलं, डोळे माझे दुखलेले, आणि नाव काय, तर ‘दिवाकरभाऊची गोष्ट’. एकदा तर तू मलाच ती गोष्ट सांगायला बसलास. मी ऐकलीही. माझ्यापेक्षा तू चांगली सांगत होतास, हे आज कबूल करतो.

आपल्याकडे शिकार बंद होऊन जमाना झाला होता, आणि बंद झाली ते बरंच झालं असं दोघंही म्हणायचो. गोळी झाडायची नव्हती म्हणूनच की काय, गोळ्यांवर भांडायला आपल्याला आयुष्य पुरलं. आपल्या भाषेत दोनच जाती होत्या, नरम आणि ठोस. नरम म्हणजे तांब्याच्या टोपणात शिसं भरलेली आणि शेंड्याला शिसं उघडं ठेवलेली. अंगात शिरली की ती छत्रीसारखी उघडते, मोठी जखम करते आणि आतच राहते. ठोस उघडतच नाही. हाड येवो, मांस येवो, ती सरळ जाते, पलीकडून निघूनही जाते. मी नरमवाला आणि तू ठोसवाला. यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

“अबे वसंत्या,” तू म्हणायचास, “एक टनाच्या जनावराले काय गुदगुल्या कराच्या हायेत का? ठोस हाण. खेळ खतम.”

“आणि मागे दुसरं जनावर उभं असलं तर? तुझी ठोस त्याच्यातही घुसेल. ते जखमी होऊन गवतात जाईल. मग शोधायला कोण जाणार, तू?”

“तू जा. तूच तर नरमवाला हायेस. समजव त्याले.”

आणि सगळे हसायचे. पहिली नरम आणि मागून ठोस, हे माझं म्हणणं कुणी धड ऐकूनच घेत नसे. पहिली गोळी आपण उभ्या, बेसावध जनावराच्या खांद्यामागे मारतो, तिथे उघडणारी हवी. ती लागल्यावर जनावर एकतर पळतं, नाहीतर अंगावर येतं. मग हाडांमधून, आडव्यातिडव्या अंगातून खोल जाणारी हवी, ती ठोस. यात दोघांचंही म्हणणं राहत होतं. पण मधला मार्ग सांगणाऱ्याला टाळ्या कोण देतं?

नऊ वर्षांपूर्वी तुझी मेघा जावयाबरोबर झांबियात गेली. जावई तिथे तांब्याच्या खाणीत. तिथे शिकार कायदेशीर आहे, परवाना मिळतो, आणि जावयाच्या ओळखीच्या एका मळेवाल्याच्या रानात कळपातून बाहेर पडलेला म्हातारा रानरेडा होता. रायफल तोच देणार होता, चारशे सोळा बोअरची. तू धावतच माझ्याकडे आलास. मला वाटलं मिठाईचा पुडा असेल, तर हातात छापील कागद होता. “गोळ्या कोन्त्या ठेवू म्हून इचारून राहिला तो. तीन प्रकार हायेत म्हन्ते. वसंत्या, तूच सांग.”

दिवाकर, त्या क्षणी मला काय वाटलं ते तुला कधी कळलं नाही. पुस्तकं मी वाचली होती. रानरेड्याचं काळीज खांद्याच्या नेमकं किती खाली असतं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. आणि तिकीट तुझ्या नावाचं निघालं होतं. माझा मुलगा पुण्यात बसून संगणकात काय करतो ते मला आजवर कळलेलं नाही, पण तो मला रानरेड्यासमोर उभा करणार नव्हता एवढं नक्की.

त्यात तू जाऊन सगळ्या कॉलनीला सांगितलंस की चारशे ग्रॅमची गोळी मारणार आहे. कागदावर चारशे ग्रेन लिहिलं होतं. मी तुला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा, चारशे ग्रेन म्हणजे सव्वीस ग्रॅम, एखाद्या ठसठशीत मंगळसूत्राएवढी. अर्ध्या किलोची गोळी तोफेत घालतात. तू जराही ओशाळला नाहीस. “तरीच म्हनलं, खिशात कशी मावन,” एवढंच बोललास.

आठवडाभर मी त्या तीन गोळ्यांना घेऊन बसलो. पहिली साधी नरम होती. तिचं टोपण पातळ आणि आतलं शिसं नुसतं दाबून बसवलेलं. एवढ्या जाड हाडावर आपटली की टोपण एकीकडे, शिसं दुसरीकडे आणि वजन अर्ध्यावर. दुसरी नरमच, पण शिसं वितळवून टोपणाला आतून जोडलेलं. ती उघडते पण फुटत नाही. तिसरी ठोस. मी दुसरी निवडली, आणि तिच्या मागून ठोस. वहीत लिहूनही ठेवलं की ही गोळी अंगात शिरून थांबेल तेव्हा नव्वद टक्के वजन शाबूत असेल. आयुष्यभर दुसऱ्यांनी ओतलेलं पोलाद तपासत आलो होतो. धातूबद्दल एखादी गोष्ट आधी सांगून ठेवायची ही पहिलीच वेळ होती.

मग तुला कागद करून दिला. १ नरम, २ ठोस, ३ ठोस. खाली लिहिलं, ‘गोळी अंगात सापडली तर आणणे. कशीही असो, मला हवी.’ आणि त्याखाली तुझा तो सुपारी-तंबाखूचा खर्रा ध्यानात घेऊन, ‘शिसं विषारी. हात लागल्यास धुणे, मगच खर्रा.’ तू कागद वाचून म्हणालास, “बायकोही एवढं नाई सांगत बे.” आणि घडी करून खिशात घातलास. तू तो पुन्हा उघडशील असं मला वाटलं नव्हतं.

वहिनींनी मात्र सांगितलंच होतं. त्या मुळातच शाकाहारी, त्यात रेडा. माझ्यासमोरच म्हणाल्या, “जावयाच्या हौसेसाठी जाऊन राहिले तर जा. पन रेडा म्हंजे यमाचं वाहन. त्याचं शिंग, कातडं, हाडूक, त्याच्या अंगाले लागलेलं काईच माझ्या उंबऱ्याच्या आत नाई पायजे.” तू देवाशप्पथ म्हणालास.

तू परत आलास तेव्हा रिसाली वस्तीतल्या चहाच्या टपरीवर रविवारची सगळी मंडळी जमली होती. तू सदऱ्याची बटणं सोडून खांदा दाखवलास. रायफलच्या धक्क्याने उठलेला निळा डाग पिवळा पडत आला होता. माणसाला दुसऱ्याच्या जखमेचाही हेवा वाटतो हे मला त्या दिवशी कळलं. तू सांगत होतास, आणि काय सांगत होतास! वारा तोंडावर, गवत कमरेएवढं, सत्तर पावलांवर तो म्हातारा, आणि त्याने मान वर करून तुझ्याकडे असं पाहिलं की जणू तुझ्याकडे त्याचं काही येणं आहे. मी चहा तसाच धरून बसलो होतो. मला एकच ऐकायचं होतं.

“गोळी?”

“ठोस लागली,” तू म्हणालास. “खांद्यामांगून गेली अन् आरपार. गवतात कुठी गेली, देवाले ठाऊक. साठ पावलं गेला अन् बसला खाली.”

“पण पहिली नरम होती ना?”

तू माझ्याकडे बघितलंस. आता आठवतं, जरा जास्तच वेळ बघितलंस. मग मान खाजवलीस. “उलटं भरलं बे मॅगझिन. तुह्या कागदापरमानं एक, दोन, तीन भरत गेलो. नरम गेली तळाले, ठोस आली वर.”

माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. फर्नेसमध्ये वरून जे आधी टाकलं ते आधी खाली उतरतं, आधी वितळून बाहेर येतं. रायफलच्या मॅगझिनचं नेमकं उलट, शेवटची भरलेली गोळी पहिली सुटते. जन्मभर फर्नेस भरलेला माणूस रायफलही तशीच भरणार. ही चूक भिलाईचाच माणूस करू जाणे! मी ते मोठ्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, हातवारे करून. मंडळीतल्या साहूला तर हसून हसून ठसका लागला. आणि नाव मीच ठेवलं, ‘उलटी भट्टी’. त्या दिवसापासून रिसालीत तुला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. साहू लांबूनच ओरडायचा, “का उलटी भट्टी, चाय पीबे का?” आणि तू हात वर करायचास.

थट्टा म्हणून ठेवलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे मला त्यात सुख होतं. तू आफ्रिकेला जाऊन आलास, रेडा मारून आलास, तरी तुझ्या गोष्टीच्या शेवटी लोक हसायचे, आणि ते हसू मी ठेवलेलं होतं.

पण माझी गोळी सुटलीच नाही. नव्वद टक्के राहिले असते की साठ, हे कधीच कळणार नव्हतं. तेवढ्यावरून नऊ वर्षं मी तुझ्याशी वाद घातला. सोबतच्या शिकाऱ्याने तुझं मॅगझिन तपासलं कसं नाही? “ध्यान नव्हतं.” ठोस आरपार गेली तर रेडा साठ पावलांवर कसा बसला? “म्हातारा होता.” तुझी उत्तरं दोन शब्दांची असायची. गोष्ट सांगताना ज्याला दोन तास पुरायचे नाहीत त्याचं उत्तर दोन शब्दांत का संपतं, हे माझ्या लॅबवाल्या डोक्यात शिरलं नाही. हेव्याने माणूस आंधळा होतो म्हणतात. मी अर्धवट बहिराही झालो होतो.

तुझ्या घरात येणंही मी टाळायला लागलो. पुढच्या खोलीत तू तिकडच्या धबधब्याचा भलामोठा फोटो लावला होतास, तो बघवत नव्हता. फाटकातूनच हाक मारायचो. कितीदा तू म्हणालास, “आत ये ना बे, तुले काई दाखवाचं हाये.” मी म्हणायचो, “पाहिला धबधबा.” एकदा तू फाटकाला धरून तसाच उभा राहिलास आणि मी सायकल वळवली. तेव्हा वळून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात तू सकाळी फिरून आलास, ओट्यावर चपला काढल्यास आणि तिथेच बसून राहिलास. बस, एवढंच. त्यातही तुझं नशीब. मला मेला हा गुडघा वर्षानुवर्षं छळतो आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं. मेघाचे दिवस भरत आलेत, विमानात बसायची मनाई आहे. भंडाऱ्याहून तुझे भाऊ-पुतणे आलेले, पण सगळेच सुतकात. वहिनींचा आवाज बसला होता. “भाऊजी, देवाले उपाशी नाई ठेवत आमच्याकडं. सासूबाईनं सांगतलं होतं, सुतकात भाऊकीच्या भायेरचा मानूस पूजा करते. तुमी यांच्या भावापरीस जवळचे, पन भाऊकीतले नाई. म्हून तुमालेच सांगते.”

मला पूजा येत नाही, हे मी सांगितलं. देवाशी माझं भांडण नाही, पण ओळखही नाही. त्या म्हणाल्या, “धुवाचं, पुसाचं, हळद-कुंकू लावाचं. तुमी लॅबमंदी तेच करत होते ना?” हे उत्तर तू दिलं असतंस तर मी चिडलो असतो.

दहा दिवस मी तुझ्या देवघरासमोर पाट घेऊन बसलो. पहिल्या दिवशी अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, एकेक काढून तबकात ठेवले. कोपऱ्यात एक फूल होतं, तांब्याचं. हळद-कुंकवाचे थरच्या थर बसलेले, बोटाच्या पेराएवढं, चार पाकळ्या मागे वळलेल्या. वहिनी दारातून म्हणाल्या, “ते यांनी तिकडून आनलं होतं. खानीच्या गावात भेटते म्हन्त. गौरीच्या वक्ताले मी कमळ म्हून मांडते.”

मी ओल्या फडक्याने ते पुसायला घेतलं. कुंकू गेलं, हळद गेली. पाकळ्यांच्या मधोमध करडा, मऊ गाभा दिसला. नख लावलं तर नखाची खूण उठली. उलटं करून पाहिलं. देठ गोल, सरळ, आणि त्यावर तिरक्या समांतर रेघा. रायफलच्या नळीतून पीळ घेत गेलेल्या धातूवरच अशा रेघा उठतात. त्यांची चित्रं मी हजारदा पाहिली होती. हातात धरायला त्या दिवशी मिळाल्या.

नरम. ती पहिली सुटली होती, उघडली होती आणि आतच थांबली होती. तू मॅगझिन बरोबर भरलं होतंस.

वहिनींना वाटलं तुझ्या आठवणीने रडतोय. रडत होतोच, पण दिवाकर, आधी राग आला. नऊ वर्षं! नऊ वर्षं तू मला ती चूक चघळायला दिलीस. वाटलं, तसंच उठावं, टपरीवर जावं, टेबलावर ती गोळी ठेवावी आणि साहूला म्हणावं, बघ, कोण बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी चोरी केली. फूल खिशात घातलं आणि सेक्टर दहाच्या बाजारात सोनाराकडे गेलो. काट्यावर ठेवलं. गल्ल्यावरच्या पोराने आधी मला न्याहाळलं, मग फुलाला. “अंकल, ये तो सोना नहीं है.” मी म्हटलं, “मालूम है बेटा, वजन बता.” तेवीस ग्रॅम चारशे मिली. दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी बोटांवर हिशेब केला. सव्वीसातले तेवीस पूर्णांक चार. नव्वद टक्के. माझ्या वहीतला आकडा.

आयुष्यात मी एकदाच कशावर तरी नेमकं बोट ठेवलं, आणि ते सांगायला बाजारात सोनाराच्या त्या पोराशिवाय कुणी नव्हतं. त्याने आतून सुटे मोजत विचारलं, “कुछ और?” मी म्हटलं, “बस.”

रिक्षात बसल्यावर तुझं सगळं उलगडत गेलं. मी मागितली म्हणून तू गोळी आणलीस. उंबऱ्याच्या आत रेड्याच्या अंगाचं काही यायचं नव्हतं म्हणून घरात तिला तांब्याचं फूल म्हणालास. ते फूल वहिनींनी देवात नेऊन ठेवलं, आणि तू अडकलास. नरम लागली म्हटलं असतंस तर मी पहिला प्रश्न विचारला असता, गोळी कुठे आहे? म्हणून तुला आरपार जाऊन हरवणारी ठोस हवी होती. आणि ठोस पहिली कशी सुटली, याला कारण हवं होतं. ते तू स्वतःच्या अंगावर घेतलंस. कँटीनमध्ये पाय वर घ्यायला लावणारा तू, नऊ वर्षं ‘उलटी भट्टी’ म्हणून हात वर करत राहिलास, वहिनींच्या हळद-कुंकवासाठी. मला हे जमलं नसतं. बघ, त्याचाही हेवा वाटतोच आहे.

आता मी अडकलो होतो. टपरीवर सांगितलं तर मी जिंकतो, तुझ्यावरचं ते नावही पुसलं जातं. पण रिसालीत सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वहिनींच्या ओट्यावर पोचते. नऊ वर्षं रोज ज्याला कुंकू लावलं ते यमाच्या रेड्याच्या काळजातून काढलेलं शिसं आहे, हे त्या कोणत्या तोंडाने ऐकतील? तेही कपाळावरचं कुंकू नुकतंच पुसलेलं असताना.

फूल परत जागी ठेवलं. पण एक काळजी राहिली. लॅबवाला आहे, शिसं मला कळतं. देवांच्या आंघोळीचं पाणी वहिनी तीर्थ म्हणून घेतात. मोठ्या चतुराईने मी विषय काढला. “वहिनी, एक सांगू का? त्या फुलाले पान्यात नका घालत जाऊ. तांबं काळं पडते.”

“नाई घालत भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आनलं तवाच यांनी सांगतलं होतं. याले आंघोळ नाई, नुसतं पुसाचं. अन् पुसलं की हात धुवाचे, मंगच प्रसादाले हात लावाचा. रोज इचारत, हात धुतले का म्हून. मले वाटे, हे कवापासून एवढं सोवळं पाळाले लागले?”

‘शिसं विषारी. हात लागल्यास धुणे.’ तू कागद उघडला होतास. वरून खालपर्यंत वाचला होतास, आणि नऊ वर्षं रोज पाळत होतास. मी म्हणायचो, दिवाकर कुणाचं ऐकत नाही.

तेरवीला मंडळी जेवायला आली. साहू हात धुता धुता रडत म्हणाला, “हमर उलटी भट्टी चल दिस, भइया.” वहिनींनी ते ऐकलं. वाढताना मलाच विचारलं, “भाऊजी, यांले हे असं कावून म्हनत सारे?”

पंगतीतली आठ-दहा तोंडं माझ्याकडे वळली. बोलायची वेळ म्हणतात ती हीच.

“काई नाई वहिनी,” मी म्हटलं. “मॅगझिन उलटं भरलं होतं ना त्यानं. ठोस पहिली सुटली.”

“यांचं सारंच उलटं,” त्या म्हणाल्या, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा जराशा हसल्या. मी भात कालवत राहिलो.

निघताना त्यांनी मला थांबवलं. पदराखालून मूठ पुढे केली. तुझं फूल. “हे घिऊन जा. दहा दिवस पाहून राहिले होते मी. सारे देव दोन मिंटात पुसत, अन् याच्यापाशी थांबत. खरं सांगू? तुमच्यासाठीच आनलं होतं यांनी. पिशवीतून काढल्या काढल्या म्हनले, हे वसंत्याचं हाये. मले लई आवडलं, मीच ठेवून घेतलं. यांनी मंग तोंडातून चकार शब्द काढला नाई. राग नका मानू भाऊजी.”

दिवाकर, माझा हात पुढे गेला होता. खोटं कशाला सांगू? नऊ वर्षांचा हात होता तो. मग वहिनींची बोटं दिसली. पेरांच्या भेगांत कुंकू अजून होतं.

“नको वहिनी,” मी म्हटलं. “तिथंच बरं दिसते. फकस्त पुसत जा. अन् हात धुवा.”

फाटकापाशी येऊन जरा उभा राहिलो, तू उभा राहायचास तिथेच. तुला कळावं म्हणून सांगतो, मी अजूनही जळतो आहे. आफ्रिकेवरून नाही. तोंड मिटून राहिलास म्हणून, आणि मला ते तुझ्यानंतर शिकावं लागलं म्हणून. टपरीवर तू उलटी भट्टीच राहणार, माझ्याच तोंडाने. पण इथे दुसरं कुणी नाही. इथे एकदा सांगून टाकतो.

पहिली नरम होती. नव्वद टक्के. तू बरोबर भरली होतीस बे.